काढलेला पार्ट मालकाच्या हातात

गाडीचं इंजिन उघडून परत जोडलं की एखादा स्क्रू हमखास उरतोच. गाडी चालू होते, मालक खुशीत निघून जातो आणि स्क्रू मात्र ट्रेमध्ये पडून राहतो. तो कुठला, हे कुणाला सांगता येत नाही आणि टाकवतही नाही. माझ्या काउंटरखाली अशा उरलेल्या स्क्रूंचा एक डबा आहे, आणि डोक्यात उरलेल्या किश्श्यांचा दुसरा. पहिला डबा मी दर दिवाळीला भंगारवाल्याला देते. डोक्यातलं भंगार कोण घेणार? म्हणून म्हटलं, तुमच्याच गळ्यात मारावं!

माझं कोल्हापूरच्या उद्यमनगरात मोटारींच्या स्पेअर पार्ट्सचं दुकान आहे. आप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं होतं, आता मी बघते. शेजारी दिनकर मिस्त्रींचं गॅरेज. दोन्हींच्या मध्ये एक भिंत आणि भिंतीला एक खिडकी. त्या खिडकीतून इकडून पार्ट जातात, तिकडून चहा येतो आणि दोन्ही बाजूंनी शिव्या ये-जा करतात. हे सगळे किस्से त्या खिडकीच्या आजूबाजूचेच.

आणि हो, स्क्रू उरण्याबद्दल वर जे लिहिलंय ते मिस्त्रींना सांगू नका. "माझ्याकडं कवा उरला गं शालन?" म्हणून ते खिडकीत येऊन उभे राहतील. त्यांच्याकडे उरत नाही, हे खरं आहे. डब्यातले सगळे इतरांचे!

*

आमच्याकडे गिऱ्हाईक पार्टचं नाव सांगत नाही. जुना पार्ट पेपरात गुंडाळून आणतं, काउंटरवर ठेवतं आणि म्हणतं, "असलाच द्या." ह्याला सँपल म्हणतात. पद्धत चांगली आहे, चूक होत नाही. म्हणजे असं मला वाटायचं.

एकदा राधानगरीकडचे एक पाहुणे एसटीनं आले. टॉवेलात गुंडाळलेला साइड मिरर त्यांनी लहान मूल ठेवावं तसा काउंटरवर ठेवला. आरसा चकचकीत, काचेवर ओरखडा नाही.

"ह्यो असला द्या, ड्रायव्हर साइडचा."

मी सँपल फिरवून बघितलं, पाठीमागचा नंबर जुळवला आणि तसलाच दिला. दुसऱ्या दिवशी पाहुणे पुन्हा हजर! आता टॉवेलात दोन आरसे.

"बसंना ओ ताई. भोकंच जुळंनात."

मी पुन्हा नंबर बघितला. दोन्ही आरसे जुळ्या भावांसारखे. म्हटलं, "पाहुणं, गाडी कुठली?"

त्यांनी गाडी सांगितली. आरसा भलत्याच गाडीचा होता!

"अहो, मग हे सँपल कुठून आणलंत?"

"मेव्हण्याच्या गाडीचं काढून आणलंय की!"

"स्वतःच्या गाडीचं का नाही आणलंत?"

पाहुण्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं की आप्पांनी दुकान चुकीच्या हातात दिलं ह्याची त्यांना खात्रीच पटली असावी.

"माझा पडला म्हणून तर आलोय न्हवं का?"

*

दुकानात मी बसायला लागले तेव्हाची गोष्ट. एक तालेवार गिऱ्हाईक आलं. पांढरे कपडे, हातात कडं. काउंटरवर मला बघून त्यांनी माझ्या मागं बघितलं, मग रॅकच्या मागं बघितलं.

"मालक कुठं हायत?"

"मीच. बोला."

"न्हाय, म्हंजी, ह्यातलं कळणारं कोण हाय का?"

म्हटलं, आधी सांगा तरी. तर त्यांची जुनी गाडी चालताना मध्येच धक्के मारत होती. मी विचारलं, "रोज मारते का पाऊस झाल्यावरच?"

"पाऊस झाला की मारतीया. वाळली की गप."

"प्लगच्या वायरी गेल्यात. ओल धरतात. सेट बदला."

साहेब हसले. एखाद्या पोरीनं पाढा बरोबर म्हटल्यावर हसतात तसे. "बरं बरं," म्हणाले आणि शेजारी मिस्त्रींकडे गेले. मी खिडकीतून बघत होते. मिस्त्रींनी बॉनेट उघडलं, वायरींवर पाण्याचे चार थेंब शिंपडले, गाडी चालू केली, धक्के मोजले. मग खिशातली पेन्सिल काढून सिगारेटच्या पाकिटावर काहीतरी लिहिलं, घडी घातली आणि साहेबांच्या हातात दिलं. "उघडू नगा. शालनला द्या जावा. तिला कळंल."

साहेब चिठ्ठी घेऊन माझ्याकडे आले, अगदी डॉक्टरचं प्रिस्क्रिप्शन आणावं तसे. मी घडी उघडली. आत लिहिलं होतं:

"मघाशी काय सांगितलंस तेच दे. पण तासभर बसवून ठिव."

मी दीड तास बसवून ठेवलं!

*

आता मिस्त्रींबद्दल जरा सांगते, कारण त्यांना ओळखल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

मिस्त्री मूळचे कबनूरचे. तरुणपणी तिथं यंत्रमागावर जॉबर होते, म्हणजे माग दुरुस्त करणारे. माग बंद पडला की कारखानदार म्हणायचा जॉबरनं बिघडवला, जॉबर म्हणायचा कामगारानं बिघडवला. ह्या रोजच्या भांडणाला वैतागून मिस्त्रींनी एक सवय लावून घेतली. झिजलेला तुकडा काढायचा, पुसायचा, कारखानदाराच्या तळहातावर ठेवायचा आणि म्हणायचं, "बगा. कशानं गेलंय?"

पुढे ते कोल्हापुरात आले, मागाच्या जागी मोटारी आल्या, पण सवय तीच राहिली. काढलेला पार्ट मालकाच्या हातात! तुम्ही मंत्री असा नाहीतर मास्तर, तेलानं माखलेला तो तुकडा हातात घ्यावाच लागतो. मग मिस्त्री त्यावरून बोट फिरवून तुमचा इतिहास सांगतात. ब्रेक पॅड बघून सांगतात की तुम्ही चिडके आहात. टायर बघून सांगतात की तुमच्या घराशी वळण अवघड आहे. आणि शेवटी निकाल देतात. चाळीस वर्षांत निकाल एकच: "मालकाची चूक."

दुसरा निकाल त्यांच्या तोंडून कुणी ऐकलेला नाही.

एकदा एका हायस्कूलचे सर आणि त्यांच्या बाई आल्या. गाडीची क्लच प्लेट जळून काळीठिक्कर. मिस्त्रींनी ती काढून सरांच्या हातात ठेवली.

"बगा. कशानं गेलंय? क्लचवर पाय ठिवून कोण चालवतंय?"

सरांनी क्षणाचाही वेळ न घेता बाईंकडे बोट केलं. "हीच ओ! हिला कितीदा सांगितलं, क्लचवर पाय ठेवून चालवू नको म्हणून!"

मिस्त्री गाडीत डोकावले. ड्रायव्हरची सीट पार मागं सरकलेली.

"सर, ही शीट हितं येताना मागं घेतली व्हय?"

"छे! ती सहा महिने झाली, जाम आहे. हलतच नाही. तीही जरा बघा."

मिस्त्रींनी एकदा सरांची उंची बघितली, एकदा बाईंची. बाई जेमतेम पाच फूट.

"मग वैनींचा पाय क्लचपातूर पोचतोय कसा?"

बाई शांतपणे म्हणाल्या, "सहा महिने मी रिक्षानंच जाते ओ."

"मालकाची चूक," मिस्त्री म्हणाले. "मालकीणबाईंची न्हाय."

सर प्लेट टाकायला निघाले होते. बाईंनी ती त्यांच्या हातातून घेतली, पर्समधून पिशवी काढली आणि म्हणाल्या, "ह्यात घाला. घरी शोकेसमध्ये ठेवायचीय!"

*

आमच्या कट्ट्यावरचे सगळ्यात जुने गिऱ्हाईक म्हणजे डॉक्टर. हाडांचे डॉक्टर आहेत, हात हलका, स्वभाव गोड, पण गाडीच्या बाबतीत कच्चे. वर्षातून दोनदा तरी त्यांची गाडी खडखडत येते आणि दोनदा तरी ते तेच वाक्य बोलतात: "काय करणार मिस्त्री, कोल्हापूरचे रस्तेच खराब!"

हे वाक्य मिस्त्रींच्या समोर बोलायचं नसतं.

"रस्त्याला नावं ठिवू नगा, साहेब. रस्ता काय तुमच्या गाडीखाली पळत आला व्हय? खड्डा दिसला की ब्रेक कुणी मारायचा, रस्त्यानं? त्याच रस्त्यानं आमची मालन दुधाची किटली घिऊन जाती. थेंब सांडत न्हाय!"

मालन म्हणजे मिस्त्रींची बायको. मी त्यांना मालनकाकू म्हणते. काकू म्हणतात, "मी किटली घिऊन कवा गेलतो? आमच्यात दूध घरपोच येतंय." पण हे डॉक्टरांना कुणी सांगितलेलं नाही!

एकदा डॉक्टरांच्या गाडीचा पुढचा उजवा शॉकअप गळायला लागला. डॉक्टर म्हणाले, "तेवढाच एक बदला. डावा चांगला आहे की."

"जमायचं न्हाय. शॉकअप जोडीनं बदलायचं. एक नवा, एक जुना झाला की गाडी लंगडती. मग चांगला असलेला बी चार महिन्यात जातोय."

"अहो, पण डावा चालतोय ना?"

"साहेब, तुमी शिकल्यालं. जोडीनं काम करणारं जोडीनंच बदलायचं. ह्ये मी सांगाय पायजे व्हय?"

डॉक्टरांनी मान डोलावली. जुने दोन्ही शॉकअप त्यांच्या हातात आले. त्यांना ते नको होते. "राहू दे मिस्त्री, माझा तुमच्यावर विश्वास आहे."

"इश्वासाचा प्रश्न न्हाय. बगितलं पायजे."

निकाल ऐकवून झाल्यावर मिस्त्रींनी शॉकअप डॉक्टरांच्या डिकीत ठेवले. दर वेळी ठेवतात. एकदा डॉक्टर आणि त्यांची बायको पाहुण्यांना आणायला स्टँडवर गेले. बायकोनं पाहुण्यांच्या बॅगा ठेवायला डिकी उघडली, तर आत शॉकअप, पॅड, बेअरिंग, फिल्टर, एक अख्खा सायलेन्सर. त्यांनी फोन करून मला विचारलं, "शालनताई, खरं सांगा, ह्यांनी प्रॅक्टिस सोडलीय का?"

*

इचलकरंजीच्या यशचा किस्सा सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही, कारण हा पोरगा शेवटी कामाला आला.

यश इंजिनिअरिंगला होता. वडिलांचे माग. वडिलांनी कॉलेजला जायला लहानशी गाडी घेऊन दिली आणि यशनं तिची रेसची गाडी करायचं मनावर घेतलं. मोबाईलमध्ये यादी घेऊनच आला. रुंद टायर, बसकी सस्पेन्शन, मोठ्या तोंडाचा एअर फिल्टर आणि गडगडणारा एक्झॉस्ट.

मिस्त्रींनी यादी वाचली. "ब्रेक कुठं हाईत ह्यात?"

"ब्रेक आहेत की गाडीला!"

"पळायचं मागनं बगू. आदी थांबायचं बगूया. पॅड, डिस्क, ब्रेक ऑइल. मग टायर. आवाज सगळ्यात शेवटी. आवाजानं गाडी पळत न्हाय, लोकं पळत्यात."

यशनं नाराजीनं का होईना, सगळं त्या क्रमानं केलं. शेवटी एक्झॉस्ट बसला. जुना मिस्त्रींनी रिवाजाप्रमाणे यशच्या हातात दिला आणि यशनं तो तोंड वाकडं करून डिकीत टाकला. गाडी चालू केली तर माझ्या रॅकवरचे बल्ब थरथरले!

बरोबर आठव्या दिवशी यश परत. गाडी दोन गल्ल्या अलीकडे लावून चालत आला.

"मिस्त्री, जुना एक्झॉस्ट परत बसवा."

"का रं? बिघाडला व्हय?"

"बिघडला नाही ओ. बाबांनी पकडलं."

यशच्या वडिलांनी सगळं आयुष्य मागांच्या खडखडाटात काढलेलं. पोराचा समज असा की त्यांना काही ऐकूच येत नाही. पण ज्याला चाळीस मागांतला कुठला बिघडलाय हे नुसत्या आवाजावरून कळतं, त्याला स्वतःच्या पोराची गाडी कळणार नाही? दुपारी घरी गेल्यावर ताटावर बसताना वडील एवढंच म्हणाले, "लेक्चरच्या टायमाला तुझी गाडी थेटराकडनं कशी काय आली रं?"

आम्ही सगळे हसून लोळायचे बाकी. यश रडकुंडीला. "तो जुना पार्ट कुठाय, मिस्त्री?"

मिस्त्री पाना पुसत म्हणाले, "तुझ्याच डिकीत हाय. उगंच देत न्हाय हातात!"

*

हा एक छोटा. एक गृहस्थ गाडी टोचन लावून घेऊन आले. स्वतः घरी ऑइल बदलायला गेले होते. मोबाईलवर व्हिडिओ बघून. खालचा नट उघडून त्यांनी ऑइल सोडलं, वरून नवीन चार लिटर ओतलं आणि गाडी चालू केली. गाडीनं गल्ली धुरानं भरून टाकली.

मिस्त्री खाली जाऊन बघून आले. गृहस्थांनी सोडलं होतं गिअरबॉक्सचं ऑइल, आणि ओतलं होतं इंजिनात! गिअरबॉक्स कोरडा, इंजिन गळ्यापर्यंत भरलेलं.

"व्हिडिओची चूक आहे ओ," गृहस्थ म्हणाले.

"व्हिडिओ कुठल्या गाडीचा हुता?"

गृहस्थ जरा घुटमळले. "गाडीचा नव्हता. ट्रॅक्टरचा होता."

"ट्रॅक्टरचा? आवो, मग गाडीचा बगायचा की!"

"गाडीचे सगळे इंग्रजीत होते. हा एकटाच मराठीत सांगत होता. आणि इतकं समजावून सांगत होता ना मिस्त्री, की मधेच सोडवेना!"

*

आता हसणं जरा बाजूला ठेवते.

गेल्या दोन वर्षांत मिस्त्रींचे गुडघे गेले. हे काम उकिडवं बसून करायचं. चाळीस वर्षं उकिडवं बसणं, जमिनीवर झोपून गाडीखाली सरकणं, पुन्हा उठणं. आधी उठताना ते बंपरला धरायला लागले. मग जॅकचा दांडा काठीसारखा घ्यायला लागले. मग गाडीखाली जाणंच बंद झालं. गिऱ्हाईकांना म्हणायचे, "हप्त्यानं आणा." हप्त्यानं गिऱ्हाईक शोरूमला गेलेलं असायचं.

सकाळी त्यांचं शटर अर्धंच वर जायला लागलं, पुरं वर ढकलायला पायात जोर लागतो म्हणून. त्या अर्ध्या शटरकडे बघून मला भीती वाटायची. आप्पा गेल्यावर ह्या उद्यमनगरात मला उभं केलं ते ह्या माणसानं. ती खिडकी बंद झाली तर मी दुकानात कुणाशी भांडायचं?

मालनकाकू म्हणायच्या, "मी सांगून सांगून दमलो. दवाखान्याचं नाव काढलं की ह्ये गॅरेजात पळत्यात, आन् गॅरेजातनं उठता येत न्हाय म्हणून तितंच बसत्यात."

मिस्त्रींचं म्हणणं ठरलेलं. "ओरिजिनल पार्ट हाय तवर चालवायचा. एकदा उघाडलं की पयल्यासारखं ऱ्हात न्हाय." आणि गुडघ्याला हळदीचा लेप लावून वर म्हणायचे, "टॉपअप करून चालवतोय."

एका सकाळी डॉक्टर गाडी घेऊन आले. मिस्त्री स्टुलावरून उठायला गेले आणि उठता येईना. डॉक्टर पुढं झाले, दोन्ही हातांनी मिस्त्रींचा गुडघा धरला, वाकवला, सरळ केला आणि कान जवळ नेला. गॅरेजमध्ये गाडीला कान लावून ऐकणारा माणूस एकच होता. आज त्यालाच कुणीतरी ऐकत होतं.

"आवाज येतोय मिस्त्री. कधीपासून?"

मिस्त्रींनी हातातला पाना पुसायला घेतला.

"उतारावर जास्त येतो का चढावर?"

"उतारावर," मिस्त्री हळूच म्हणाले.

"बदलावा लागेल."

"साहेब, टायर झिजलं म्हणून गाडी मोडीत काढत्यात व्हय?"

"नाही. टायर बदलतात!"

मी खिडकीतून टाळी वाजवली. मिस्त्रींनी माझ्याकडे असं बघितलं की मी रॅक आवरायला लागले.

मग वाटाघाटी सुरू झाल्या. पार्ट कुठल्या कंपनीचा? बॉक्स सील असेल का? फोडताना दाखवाल का? किती वर्षं चालतो? डॉक्टर सगळ्याला हो म्हणाले. शेवटी मिस्त्री म्हणाले, "बरं. पर उजवा एकच करा. डावा चालतोय."

डॉक्टर हसले. असं हसले की जणू चार वर्षं ह्याच वाक्याची वाट बघत होते.

"जमायचं नाही. जोडीनं काम करणारं जोडीनंच बदलायचं. एक नवा, एक जुना झाला की गाडी लंगडते. हे मी सांगायला पाहिजे होय?"

मिस्त्रींनी आजूबाजूला बघितलं. एकही माणूस त्यांच्या बाजूनं नव्हता!

पण मग त्यांनी खरी भीती बोलून दाखवली. "बदाललं तर उकिडवं बसाय येतंय का?"

डॉक्टरांचं हसू गेलं. "नाही मिस्त्री. उकिडवं बसायचं नाही. कधीच."

"मग गाडीखाली कोण बगणार?" मिस्त्री म्हणाले, आणि पाना उचलून आत गेले. त्या दिवशी खिडकीतून चहा आला नाही.

*

यशला कुठून कळलं माहीत नाही. पोरगा आता इंजिनिअर झालाय. पंधरा दिवसांत उद्यमनगरातल्याच एका फॅब्रिकेटरला हाताशी धरून त्यानं गाडी उचलायचा हायड्रॉलिक रॅम्प तयार करून घेतला. खर्चात आम्ही सगळे होतो, मी आणि मिस्त्रींची सगळी गिऱ्हाइकं. क्लचवाले सरसुद्धा!

रॅम्प बसला. यशनं आपलीच गाडी त्यावर चढवली आणि बटण मिस्त्रींच्या हातात दिलं. गाडी सावकाश वर गेली. मिस्त्री तिच्याखाली जाऊन उभे राहिले. ताठ, दोन्ही पायांवर. बराच वेळ वर बघत होते. सायलेन्सरला हात लावला, मग एक नट चाचपला.

"चाळीस वर्सं झोपूनच बगितलं गाडीला," ते म्हणाले. "उभ्यानं पयल्यांदाच बगतोय."

मी नाक पुसलं. मिस्त्रींनी लगेच आवाज चढवला. "रडायलीस काय शालन? ह्या पोराची ब्रेक ऑइलची पाइप ओली हाय बग. नवी काढून दे!"

आणि डॉक्टरांना निरोप गेला, एका अटीसह. काढलेला पार्ट मालकाच्या हातात.

*

ऑपरेशनमध्ये कमरेत इंजेक्शन देतात. खालचं सगळं बधिर, पण माणूस जागा. मध्ये हिरवा पडदा. आतला हा प्रकार डॉक्टरांनीच आम्हाला सांगितला.

करवत सुरू झाली. पडद्याच्या वरून आवाज आला, "साहेब, ब्लेड बोथट झालंय."

डॉक्टर म्हणाले, "मिस्त्री, गप पडून राहा."

"आवाज बगा की! कापत न्हाय, घासतंय. उगंच गरम हुईल."

डॉक्टरांनी सिस्टरकडे बघितलं. सिस्टरनं ब्लेड काढून बघितलं आणि नवं लावलं. पुन्हा सुरू. पुन्हा पडद्यावरून आवाज: "आत्ता बराबर हाय!"

मग हातोडी आली. तीन ठोके झाले. "बसला," मिस्त्री म्हणाले. डॉक्टर आणखी एक मारणार होते. त्यांनी हातोडी खाली ठेवली. खरंच बसला होता!

*

तिसऱ्या दिवशी आम्ही सगळे वॉर्डात. मी, यश, मालनकाकू. मिस्त्री वॉकर धरून चार पावलं चालून आले होते आणि खुशीत होते. तेवढ्यात डॉक्टर आले. मागं सिस्टर, हातात हातमोजे, आणि झाकण बंद केलेला एक पारदर्शक डबा.

"घ्या मिस्त्री, शब्द दिला होता. फक्त हातात देता येत नाही, नियम आहे. डब्यातूनच बघा. दोन मिनिटं, मग परत न्यायचंय."

सिस्टरनं डबा त्यांच्यासमोर धरला. मिस्त्रींनी चष्मा लावला. डबा उजेडाकडे फिरवायला सांगितला. हाडाचे ते तुकडे एका बाजूला काचेसारखे गुळगुळीत झाले होते, दुसऱ्या बाजूला खड्डेच खड्डे. मिस्त्रींचं बोट नकळत डब्याच्या बाहेरून त्या खड्ड्यांवरून फिरायला लागलं. काकूंनी पदर तोंडाला लावला होता.

डॉक्टर खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसले. घसा साफ केला. मिस्त्रींच्याच सुरात म्हणाले, "बघा. कशानं गेलंय?"

यशनं मला कोपरानं ढोसलं. काकू पदराआडून पुटपुटल्या, "आता म्हणा की. मालकाची चूक."

मिस्त्रींनी चष्मा काढला. आमच्याकडे एकेक करून बघितलं. मग डॉक्टरांकडे बघितलं, आणि सावकाश मान हलवली.

"रस्ता लई खराब हो, साहेब!"